'बूर' म्हणजे शेतकरी की असभ्य माणूस?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आपण एका आधुनिक इंग्रजी कथेचा अनुवाद करीत आहात. तिच्यातला शहरात जन्मलेला, शहरातच वाढलेला श्रीमंत कारखानदार जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांसमोर नोकराला घालूनपाडून बोलतो आणि इतरांचे बोलणे मध्येच तोडून स्वतःचेच सांगत राहतो. त्याची पत्नी मनात म्हणते की आपला नवरा 'बूर' (boor) आहे. आपण शब्दकोश उघडला तेव्हा 'खेडूत, गावंढळ, असंस्कृत माणूस' असे अर्थ एका ओळीत सापडले. आपले वडील शेतकरी असल्यामुळे या माणसाला 'गावंढळ' म्हणताना आपला हात अडखळला. म्हणून आपण विचारले की या शब्दाचा खरा अर्थ शेतकरी की असभ्य, त्याचा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांशी काही संबंध आहे का, आणि मराठीत नेमके काय लिहावे.

आपला हात अडखळला ते योग्यच झाले. अनुवाद आणि कोशकार्य करताना मला तीसहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि असे अडखळणे हे बहुधा शब्दाच्या दोन अर्थांमधला काळ कोशाने पुसून टाकल्याचे लक्षण असते, असा माझा अनुभव आहे. कोशातले तिन्ही अर्थ खरे आहेत, परंतु ते एकाच काळाचे नाहीत. आजच्या इंग्रजीत 'बूर' म्हणजे चारचौघांत कसे वागावे याची जाण नसलेला, समोरच्याच्या मनाची पर्वा न करणारा माणूस. या अर्थात खेडे नाही, शेती नाही, गरिबीही नाही. लक्षाधीशाला 'बूर' म्हटले तर आजच्या इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर नांगर येत नाही. मात्र तोच शब्द चारशे वर्षांपूर्वीच्या लेखनात आला, तर तेथे तो बहुधा शेतकऱ्याबद्दलच असतो. त्यामुळे उत्तर पहिल्याने अवलंबून आहे ते मजकूर कोणत्या काळचा यावर, आणि त्यानंतर तो शब्द कोण कोणाबद्दल बोलत आहे यावर.

शब्दाचे मूळ सविस्तर सांगते, कारण आपल्या मनातली बोच तेथूनच आलेली आहे. जुन्या इंग्रजीत 'गेबूर' असा शब्द होता. त्यातला 'गे' हा उपसर्ग मराठीतल्या 'सह' सारखा, आणि 'बूर' म्हणजे वस्ती, राहण्याची जागा. म्हणजे 'गेबूर' हा मुळात सहवासी, एकाच वस्तीत राहणारा. याच शब्दाला 'जवळचा' या अर्थाचा शब्द जोडून जुन्या इंग्रजीत शेजाऱ्यासाठी शब्द झाला आणि आजचा 'नेबर' हा त्याचाच वंशज आहे. हा धातू आपल्याही घरचा आहे. संस्कृतातला 'भू' म्हणजे असणे, होणे. त्यापासून 'भूमी' आली, आणि राहण्याच्या जागेला आपण 'भवन' म्हणतो तेही त्यापासूनच. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळात, याच मूळ धातूला 'वस्ती करणे, जमीन कसणे' असा अर्थ आला. तेथून शेतकरी या अर्थाचे जर्मन 'बाउअर' आणि डच 'बूर' हे शब्द निघाले. इंग्रजांनी हा शब्द संस्कृतातून घेतला असे मात्र कृपया समजू नये. दोन्ही शब्द एका फार जुन्या मुळाच्या दोन वेगळ्या फांद्यांवरचे आहेत.

इंग्लंडमधला हा गेबूर कसा जगत होता, याची बऱ्यापैकी तपशीलवार नोंद उपलब्ध आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी एका जहागिरीतल्या निरनिराळ्या थरांच्या लोकांचे हक्क आणि कर्तव्ये सांगणारा एक दस्तऐवज लिहिला गेला. त्यानुसार गेबूराला जमीन कसायला घेताना मालकाकडून २ बैल, १ गाय, ६ मेंढ्या आणि पेरणी केलेली ७ एकर जमीन मिळे. त्याच्या बदल्यात त्याने वर्षभर आठवड्यातले २ दिवस मालकाच्या शेतावर राबायचे, सुगीत ३ दिवस, आणि त्याशिवाय धान्य, पैसा, कोंबड्या असे देणे निराळे. तो मेला की मागे उरलेल्यावर मालकाचा हक्क. आपल्याकडच्या वेठीची आठवण व्हावी असेच हे जिणे होते. या साऱ्या नोंदीत त्याच्या वागण्याबोलण्याबद्दल एकही वाईट शब्द नाही. तो कष्टकरी होता आणि बांधलेला होता, एवढेच तेथे दिसते.

आजचा इंग्रजी 'बूर' मात्र थेट या गेबूराचा मुलगा नसून त्याचा डच चुलतभाऊ आहे. जुना शब्द इंग्रजीतच टिकून राहिला असता, तर उच्चारबदलांच्या नियमांनुसार त्याचे रूप 'बाउअर' सारखे झाले असते. आज इंग्रजांच्या ओठांवर असलेला शब्द सोळाव्या शतकात डच आणि उत्तर जर्मनीच्या बोलींमधून आला. त्या काळी इंग्लंडचा नेदरलंड्सशी व्यापार मोठा होता, आणि १५८५ पासून तर स्पेनविरुद्धच्या लढ्यात इंग्रज सैन्यही तेथे जाऊन राहिले. इंग्रजीत हा शब्द शेतकऱ्यासाठी, आणि विशेषकरून परदेशी, डच किंवा जर्मन शेतकऱ्यासाठी वापरला जाऊ लागला. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. गावातला माणूस, तोही परका, ज्याची भाषा कळत नाही आणि ज्याच्या रीती निराळ्या दिसतात, अशा दुहेरी अंतरावरून तो पाहिला गेला. सोळावे शतक संपता संपता 'शेतकरी' आणि 'अडाणी, ओबडधोबड माणूस' हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले होते, आणि पुढे पहिला मागे पडत जाऊन दुसराच उरला.

शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' या १६१० च्या सुमारास लिहिलेल्या नाटकात या संक्रमणाची खूण सापडते. तेथे मेंढपाळाचा मुलगा अकस्मात सरदार-मंडळींत गणला जातो आणि लगेच सांगू लागतो की साधे बोलणे 'बूर' आणि लहान जमीनदार यांनी करावे, मी आता शपथेवर बोलणार. येथे 'बूर' म्हणजे असभ्य नव्हे, शेतकरीच. तरीही कालपर्यंत मेंढरे राखणारा तरुण वर चढल्याबरोबर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे आपल्याच थराला या शब्दाने खाली ढकलणे. शब्दाचा अर्थ बिघडतो तो नेमका अशा क्षणांतून, असे मला वाटते.

भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात, आणि 'बूर' हे त्याचे एकटे उदाहरण नाही. 'चर्ल' हा तुसड्या माणसासाठीचा इंग्रजी शब्द जुन्या 'चेओर्ल' पासून आला. हा सर्वांत खालच्या थरातला, पण स्वतंत्र शेतकरी होता. वेसेक्स या जुन्या इंग्लंडमधल्या राज्याच्या कायद्यात त्याच्या खुनाची भरपाई २०० शिलिंग आणि थेन म्हणजे सरदाराच्या खुनाची १२०० शिलिंग ठरलेली होती. माणसाची किंमत जेथे कायद्यानेच सहा पटींनी कमी होती, तेथे त्याच्या नावाची किंमत पुढे घसरली यात आश्चर्य नाही. 'व्हिलन' म्हणजे आपल्या सिनेमातला खलनायक, तो मुळात 'व्हिला' वर, म्हणजे जहागिरीच्या शेतीवाडीवर राबणारा माणूस. उलट बाजूने पाहिले तर दरबाराच्या 'कोर्ट' वरून 'कर्टियस' म्हणजे अदबशीर, आणि शहर या अर्थाच्या लॅटिन 'उर्ब्स' वरून 'अर्बेन' म्हणजे सुसंस्कृत. लेखणी दरबारात आणि शहरात होती, म्हणून चांगुलपणाची नावे तेथली झाली आणि वाईटपणाची नावे शेतावर काम करणाऱ्यांची. शेतकरी खरोखर असभ्य होते म्हणून हे झाले असे समजण्यास कोणताही आधार नाही. शेतकऱ्यांनी शब्दकोश लिहिले असते तर दरबाऱ्यांच्या नावाचे काय झाले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

असभ्य याच अर्थाच्या 'रूड' या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचे मूळ मात्र वेगळे आणि मला अधिक न्याय्य वाटते. लॅटिन 'रुदिस' म्हणजे कच्चा, न घडवलेला, ओबडधोबड. त्याच मुळापासून 'एरुडाइट' म्हणजे कच्चेपणातून बाहेर काढलेला, विद्वान. आपल्या 'असंस्कृत' आणि 'सुसंस्कृत' या जोडीची कल्पना जवळजवळ हीच आहे. तेथे माणूस कोठे राहतो हे मोजलेले नाही, त्याच्यावर संस्कार झाले की नाहीत हे मोजलेले आहे.

मराठीनेही इंग्रजीसारखेच केले आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय आपल्या अडचणीचे उत्तर पुरे होणार नाही. 'नगर' पासून 'नागर' म्हणजे सुसंस्कृत, 'ग्राम' पासून 'ग्राम्य' म्हणजे असभ्य. संस्कृत काव्यशास्त्रात तर ग्राम्यता हा काव्याचा एक दोषच मानला आहे. 'गावंढळ', 'खेडवळ', 'गावठी' हे शब्द आपण आजही रागाने वापरतो. तथापि यातला 'गावठी' पाहा. त्याच शब्दामागे कोंबडी, अंडी किंवा तूप आले की तो अस्सलपणाची खूण होतो आणि बाजारात त्याला जास्त भाव मिळतो. 'रांगडा' शब्दाचीही तीच गत. एके काळी तो निव्वळ ओबडधोबडपणाचा होता, आज 'रांगडी भाषा', 'रांगडा गडी' म्हणताना बोलणाऱ्याच्या आवाजात कौतुक असते. म्हणजे घसरलेला शब्द वरही येऊ शकतो, परंतु 'गावंढळ' अद्याप वर आलेला नाही. तो आज लिहिला की गाव आणि गैरवर्तन यांची गाठ पुन्हा एकदा घट्ट होते. मूळ इंग्रजी वाक्यात ती गाठ उरलेली नसताना अनुवादकाने ती नव्याने बांधणे हा केवळ चवीचा प्रश्न नसून अर्थाची चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट चूक माझ्या हातून झालेली आहे, आणि ती सांगणे येथे उपयोगी पडेल. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका चित्रसंग्रहाच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद केला. सतराव्या शतकातले आद्रियान ब्राउवर, आद्रियान फान ओस्ताडे आणि धाकटा डेव्हिड तेनियर्स हे चित्रकार खेड्यातल्या खानावळी, पत्त्यांचे डाव आणि गावजेवणे रंगवीत, आणि जुन्या इंग्रजी सूचींत या चित्रांच्या नावांत 'बूर' हा शब्द वारंवार येतो. मी आजचा अर्थ धरून एका चित्राचे नाव 'मद्यपान करणारे असभ्य लोक' असे दिले. पुस्तिका छापून झाल्यावर चित्रकला शिकवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला पत्र लिहून विचारले की या चित्रातले लोक कोणाशी असभ्य वागत आहेत. मी चित्र पुन्हा पाहिले. दिवसभराचे काम आटोपून चार शेतकरी बाकावर बसलेले होते आणि एकाच्या हातात मातीचा पेला होता. तेथे 'खानावळीतले शेतकरी' एवढेच हवे होते. तेव्हापासून हा शब्द आला की मी पहिल्याने मजकुराचे साल पाहते, आणि त्यानंतर स्वतःला विचारते की हा माणूस शहरातला असता तरी लेखकाने हाच शब्द वापरला असता का. उत्तर 'हो' असेल तर अनुवादात गाव येता कामा नये. उत्तर 'नाही' असेल तर गाव आलेच पाहिजे, आणि लेखकाचा तुच्छतेचा सूर असेल तर तोही लपवता कामा नये. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतला जमीनदार आपल्या कुळांना 'बूर' म्हणत असेल, तर 'गावंढळ' हाच शब्द त्याच्या तोंडी शोभेल, कारण तेथे तो तुच्छता दाखवण्यासाठीच आहे.

बोअर लोकांबद्दल थोडक्यात सांगते. होय, शब्द एकच. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप येथे ठाणे वसवले, आणि त्यानंतर तेथे स्थायिक झालेल्या शेतकरी वसाहतकऱ्यांना 'बोअर' म्हणजे शेतकरी हे नाव पडले. हे नाव त्यांनी अभिमानाने वापरले. १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिशांशी त्यांचे जे युद्ध झाले, ते मराठी वाचकाला गांधीजींच्या चरित्रामुळे ठाऊक असते, कारण त्या युद्धात गांधीजींनी सुमारे ११०० भारतीयांचे शुश्रूषापथक उभारले होते. नेदरलंड्समध्ये आजही शेतकऱ्याला हाच नेहमीचा शब्द आहे. २०१९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या एका राजकीय पक्षाच्या नावात तर 'शेतकरी' आणि 'नागरिक' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत त्याने सर्वांत मोठे यश मिळवले. एकच शब्द समुद्राच्या एका काठावर शिवी झाला आणि दुसऱ्या काठावर मतपत्रिकेवर आला, यावरून दोष मुळात नसून वापरात आहे हे आपल्याला दिसेल. एक व्यावहारिक सूचनाही येथेच करते. कंटाळवाण्या माणसासाठीचा इंग्रजी 'बोअर' हा निराळा शब्द आहे आणि तो या अर्थाने अठराव्या शतकातला आहे. मराठी लिपीत विहिरीचा बोअर, कंटाळ्याचा बोअर आणि आफ्रिकेतला बोअर एकसारखेच दिसतात, म्हणून आपल्या टिपणात असभ्य माणसासाठी 'बूर' असे दीर्घ ऊकार देऊन लिहावे, म्हणजे संपादकाचा गोंधळ होणार नाही.

आता मराठी पर्यायाकडे येते. 'उद्धट' हा शब्द सर्वांत आधी सुचतो, पण मी तो येथे टाळीन. 'उद्धत' म्हणजे वर उचललेला, ताठलेला, यापासून तो आला आहे, आणि उद्धट माणूस बहुधा जाणूनबुजून अपमान करतो. 'बूर' ला आपण अपमान करीत आहोत याचे भानच नसते, आणि तेच त्याचे लक्षण आहे. 'तुसडा' हा 'चर्ल' च्या जवळचा, कोणी प्रेमाने पुढे केलेली वस्तू नाकारणारा. 'आडदांड' मध्ये शरीराची दांडगाई येते. 'असभ्य' बिनचूक आहे. 'सभा' पासून 'सभ्य', म्हणजे सभेत शोभेल असा, आणि आपला कारखानदार जेवणाच्या पंगतीत शोभत नाही हीच तर तक्रार आहे. मात्र आज 'असभ्य' शब्दाला अश्लीलतेची छटा चिकटलेली असल्यामुळे पत्नीच्या मनातल्या उद्गारात तो वाचकाला भलतीकडे नेईल. 'रासवट' मला आवडतो, त्यात ओबडधोबडपणा आहे आणि गाव नाही, परंतु तरुण वाचकाला तो कितपत पोहोचेल हे आपल्या वाचकवर्गावर अवलंबून राहील.

माझी निवड 'बेमुर्वत' ही आहे. 'मुरव्वत' हा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला, आणि त्याचे मूळ 'माणूस' या अर्थाच्या शब्दात आहे. मुर्वत राखणे म्हणजे समोरच्याच्या माणूसपणाची भीड राखणे. ती ज्याच्यापाशी नाही तो बेमुर्वत, मग तो वाड्यात राहो की वस्तीवर. नोकर खाली मान घालून उभा आहे आणि पाहुणे ताटाकडे पाहत आहेत, हे ज्याला दिसत नाही त्याला आणखी काय म्हणावे? नवऱ्याबद्दल मनातल्या मनात बोलणारी, शिकलेली, मध्यमवयीन स्त्री हा शब्द सहज वापरील. 'बेमुर्वतखोर' असे लांबवले तर राग वाढतो, पण उद्गार जड होतो.

आपले वाक्य मी असे लिहीन: 'इतक्या वर्षांनीही याला कळत नाही. किती बेमुर्वत माणूस आहे हा!' पहिले वाक्य मुळात नाही, हे मला ठाऊक आहे. 'बूर' मधला अजाणपणा 'बेमुर्वत' मध्ये पुरेसा येत नाही, म्हणून तो वेगळा सांगावा लागला. आपल्या प्रकाशकाला अशी भर चालत नसेल, तर पहिले वाक्य गाळावे आणि त्या अजाणपणाची जागा आधीच्या परिच्छेदात, नोकराला बोलून झाल्यावर तो शांतपणे पुन्हा जेवू लागतो त्या वर्णनात, जपावी.